चाळीसपैकी सदतीस

आयाबाईंना कुणी "कशा आहात?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "उत्तम!" ताप असो, खोकला असो, दाढ ठणकत असो, उत्तमच. एकदा जिन्यात पाय घसरून चार पायऱ्या बसल्या बसल्या उतरल्या, तर खाली पोचल्यावर वर जमलेल्या माणसांना तिथूनच ओरडून म्हणाल्या, "उत्तम आहे हो, कुणी येऊ नका!" अशा बाईचं भलं करायला जाणं म्हणजे किती डोकेफोडीचं काम, ते पुढे कळेलच.

वय वर्षं शहात्तर, उंची जेमतेम, आवाज मात्र तीन मजल्यांना पुरेल एवढा. एका मोठ्या इस्पितळात एकेचाळीस वर्षं त्यांनी बायकांच्या वॉर्डात आया म्हणून काढली. चादरी बदलायच्या, शौचाची भांडी द्यायची-घ्यायची, ज्यांना स्वतःचं करता येत नाही त्यांचं सगळं करायचं. नर्स यायच्या आणि बदलून जायच्या, डॉक्टर यायचे आणि मोठे होऊन जायचे, आयाबाई मात्र होत्या तिथेच. आणि त्यांचं खरं राज्य चालायचं ते सकाळी, मोठ्या डॉक्टरांच्या राऊंडच्या आधी.

राऊंड साडेनऊला. म्हणजे सव्वानऊला वॉर्ड असा दिसला पाहिजे, की इथे कुणी आजारी पडतं हे सांगूनही खरं वाटू नये. चादरीवर सुरकुती दिसली तर खैर नाही. भांडी आत, औषधाच्या बाटल्या रांगेत, बायकांच्या वेण्या घातलेल्या. मग आयाबाई दोन खाटांच्या मधोमध उभ्या राहून दम भरायच्या, "डॉक्टरांनी विचारलं की काय म्हणायचं? बरं वाटतंय! रडगाणं गायचं नाही. बरं म्हणाल तर घरी जाल, कण्हत बसाल तर इथेच लोळाल." आणि गंमत अशी, की व्हायचंही तसंच. जी बरं म्हणायची तिला सुट्टी मिळायची. एकेचाळीस वर्षं हे रोज डोळ्यांनी पाहिल्यावर माणसाच्या हाडात ते मुरणारच.

निवृत्त झाल्यावर आयाबाई एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायला लागल्या. एक खाट, एक खुर्ची, एक बुटका स्टूल, खिडकीत ओटा आणि कोपऱ्यात वीतभर उंच उंबऱ्याची न्हाणी. मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला. बहिणीची मुलगी होती, ती दूरच्या शहरात आठव्या मजल्यावर राहायची. दाराबाहेर, जिन्याच्या मोकळ्या चौकात, शिंप्याचं मशीन. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांचं मशीन चालू असलं की ते शिवायचे आणि बंद झालं की ऐकायचे. सबंध इमारतीला हे ठाऊक होतं, एकट्या मास्तरांना सोडून.

मागच्या वर्षी त्या न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून आयाबाई पडल्या. हाड मोडलं नाही, पण कंबरेने जो संप पुकारला तो आजतागायत मागे घेतलेला नाही. भाची धावत आली. भाची मनाने लोण्यासारखी, पण बोलणं सरळ. "मावशी, एक तर इथे तुला रोज बघणारं कुणीतरी पाहिजे, नाहीतर तू माझ्याकडे चल. तिसरं काही मी ऐकायची नाही."

आता भाचीकडे वाईट काय होतं? काहीच नाही. लिफ्ट होती, गरम पाण्याचा नळ होता, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची खिडकी दिसायची. पण आयाबाईंनी जन्मभर खाटेच्या या बाजूला उभं राहून काम केलेलं. भाचीकडे गेलं की खाटेच्या त्या बाजूला जायचं, आणि उशाशी बसून भाची विचारणार, "मावशी, भूक लागली का? मावशी, झोप आली का?" नुसत्या कल्पनेनेच आयाबाई खाटेवरून उठून उभ्या राहायच्या.

तेव्हा वाचवलं ते वस्तीतल्या केंद्राने. ज्यांचं वय जास्त आणि उत्पन्न कमी, अशांसाठी हे केंद्र चालायचं, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. कुणाला दुपारचा डबा पोचवायचा, कुणाला सकाळी फोन करून 'जागे आहात ना' विचारायचं, कुणाचा रक्तदाब मोजायचा, आणि ज्यांना अगदीच गरज त्यांच्याकडे आठवड्यातून तीन दिवस मदतनीस पाठवायची. मदतनीस बायका सगळ्या मिळून आठ आणि म्हातारी माणसं दोनशे अकरा. त्यामुळे मदतनीस मिळणं म्हणजे नशीबच म्हणायचं.

आयाबाईंचं नशीब जोरावर होतं. त्यांना मिळालेली मदतनीस पस्तिशीची, हसरी आणि तोंडाळ. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी नऊला यायची, आंघोळ घालायची, केर-फरशी करायची, जिना उतरवून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायची. पहिल्या दिवशी तिने "आजी" अशी हाक मारली तेव्हा आयाबाई म्हणाल्या, "आजी असेन मी तुझ्या आजीची! नाव ठेवलंय ना आयाबाई!" मदतनिसीने मान डोलावली आणि पुढच्या खेपेला पुन्हा "आजी" म्हणाली. तीन महिने हे चाललं, मग आयाबाईंनी हात टेकले. येता-जाता तिच्या नावाने बोटं मोडायच्या, "चादर लावायला येत नाही हिला, कोपरे बघा कोपरे!" पण सोमवारी पावणेनऊपासून कान जिन्याकडे लावून बसायच्या. भाचीला निरोप गेला की मदतनीस येते, काळजी नको. भाचीने न्यायचा विषय सोडला.

आणि मग आली फेरतपासणी.

केंद्राचा नियम असा, की वर्षातून एकदा प्रत्येकाकडे एक बाई फॉर्म घेऊन येणार. दहा प्रश्न, एकेकाला चार गुण. आंघोळ स्वतः करता का, जिना चढता का, बसल्या जागेवरून उठता का, असं सगळं. ज्याला जास्त गुण तो धडधाकट. पंचवीसच्या वर गेलात की मदतनीस बंद, कारण खाली रांगेत आणखी गरजू बसलेले. नियमात वावगं काही नव्हतं. मदतनीस सांगून गेली, "आजी, मंगळवारी त्या मॅडम येतील. मी नसेन. काही करायचं नाही, आहात तशा बसा."

काही करायचं नाही! तपासायला कुणीतरी येणार आणि आयाबाईंनी काही करायचं नाही? अहो, त्यांच्या दृष्टीने तो सरळसरळ राऊंड होता. रविवारपासून बाईंनी कंबर कसली, तीच ती संपावरची कंबर. खाट ओढून खालचा केर काढला. डबे घासले. खिडकीच्या गजांना फडकं मारलं. मंगळवारी पहाटे उठून चादर अशी ताणून बसवली की माशी बसली तर घसरून पडावी. केस चोपून बसवले, धुतलेले कपडे घातले, दोन गोळ्या एकदम घेतल्या आणि साडेनऊच्या ठोक्याला खाटेच्या पायथ्याशी ताठ उभ्या राहिल्या.

फॉर्मवाली आली. कोवळी पोर, नोकरीतला दुसराच आठवडा. तिने तोंड उघडायच्या आत आयाबाई सुरू झाल्या, "पेशंटची झोप चांगली. भूक चांगली. ताप नाही. पोट साफ. तक्रार काही नाही."

फॉर्मवालीने इकडेतिकडे बघितलं. "पेशंट कुठेय?"

"मीच की!"

"अच्छा. बरं, आजी, आंघोळ तुम्ही स्वतः करता?"

"म्हणजे काय! एका सकाळी बावीस बायकांना आंघोळी घातल्यात मी."

बिचारीने चार गुण दिले.

"जिना चढता येतो?"

"चढते की." किती वेळा थांबून, कुणाचा हात धरून, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं आणि आयाबाई न विचारलेलं सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"पडलात वगैरे कधी?"

"ते मागच्या वर्षी. आता उत्तम."

पंचवीस मिनिटं हा कार्यक्रम चालला आणि पंचवीस मिनिटं आयाबाई उभ्या होत्या, मागच्या मागे खाटेचा गज घट्ट धरून. फॉर्मवालीला जिन्यापर्यंत पोचवलं, हात हलवला, दार लावलं आणि जे आडव्या झाल्या ते थेट बुधवारी मदतनीस आल्यावर उठल्या. पण चेहऱ्यावर काय समाधान! राऊंड झकास झाला होता.

आठ दिवसांनी पत्र आलं. आयाबाईंनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि दारातूनच हाक मारली, "मास्तर! मशीन थांबवा! चाळीसपैकी सदतीस! जन्मात एवढे गुण मिळाले नव्हते मला!"

मास्तरांनी चष्मा पुसला, पत्र हातात घेतलं, अभिनंदन केलं. मग स्वभावाप्रमाणे पुढचंही वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"आयाबाई, खालचं वाचलंत का?"

"खाली काय असणार? सही."

"सहीच्या वर लिहिलंय. आपण स्वावलंबी असल्याने एक तारखेपासून मदतनीस सेवा बंद करण्यात येत आहे."

आयाबाईंनी पत्र परत घेतलं. उलट करून बघितलं, मागे काही आहे का. मग म्हणाल्या, "काहीतरी घोटाळा आहे. बरं आहे म्हटलं की सुट्टी मिळते ना?"

"तीच मिळालीय तुम्हाला," मास्तर म्हणाले.

मदतनिसीने ते पत्र बघितलं तेव्हा ती आधी रागावली, मग हसली, मग डोळे पुसायला लागली. केंद्रात जाऊन भांडलीसुद्धा. तिथे तिला सांगितलं, बाई, आम्ही काय करणार, त्यांनी स्वतःच्या तोंडाने उत्तम म्हटलंय. अर्ज करा, वीस तारखेला पुन्हा तपासणी होईल. तिने तिथेच अर्ज लिहून दिला, पण तोवर तिला दुसरं घर देऊन टाकलं. आणि नियमाप्रमाणे पत्राची एक प्रत गेली जवळच्या नातेवाइकाकडे. लगेच फोन वाजला.

"मावशी, बावीस तारखेला रविवार आहे. मी गाडी घेऊन येते. सामान फार घेऊ नकोस, इथे सगळं आहे."

"अगं, वीस तारखेला तपासणी आहे पुन्हा."

"तिथेही तू उत्तमच म्हणणार. मी काय ओळखत नाही तुला?"



एक तारीख गेली, दोन तारखेचा सोमवार आला. नऊ वाजले, जिन्यात कुणाची पावलं वाजली नाहीत. आयाबाईंनी ठरवलं, आपली आंघोळ आपण करू. बादली अर्धी भरली, उंबऱ्यापाशी गेल्या, एक पाय उचलला आणि तो मधेच राहिला. ना पुढे जाईना ना मागे येईना. शेवटी भिंतीला धरून कशाबशा मागे सरकल्या आणि खाटेवर येऊन बसल्या.  मग ओलं फडकं करून अंग पुसून घेतलं, वॉर्डात ताप असलेल्या बायकांचं पुसायच्या तसं. पाठीपर्यंत काही हात पोचला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. वर पावडर मारायची. बाहेर मास्तर म्हणाले, "आज छान वास येतोय हो." तर आयाबाई म्हणाल्या, "उत्तम पावडर आहे." बाकी कुणाला काही कळू दिलं नाही. बावीस बायकांना आंघोळ घालणारी आपण, आणि आपल्याला स्वतःला, हे त्यांना भिंतीलासुद्धा सांगवेना.

पंधरा तारखेला मदतनीस जेवणाच्या सुट्टीत धापा टाकत आली आणि मास्तरांना म्हणाली, "यांची तालीम घ्यायला पाहिजे. तुम्ही मॅडम व्हा."

मास्तर तयारच होते. गळ्यात टेप तशीच ठेवून ते खुर्चीवर बसले, हातात गिऱ्हाइकाच्या मापांची वही. "हं. आजी, आंघोळ स्वतः करता?"

"हो."

"आजी!" मदतनीस किंचाळली. "खोटं बोलायचं नाहीये. नुसतं खरं सांगायचंय. किती सोपं आहे!"

"सोपं असेल तुला," आयाबाई म्हणाल्या. "पुन्हा विचारा मास्तर."

"आंघोळ स्वतः करता?"

आयाबाईंनी डोळे मिटले, एक हात लुळा सोडला, तोंड वाकडं केलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "कोण बोलतंय? मला दिसत नाही. डावी बाजू गेली माझी. दम लागतो. रात्री भ्रम होतो."

एकेचाळीस वर्षं बाई वॉर्डात होती. कुठला आजार कसा दिसतो हे पुस्तकात बघावं लागत नव्हतं. मास्तर इतके हसले की टेप गळ्यातून खाली पडली. मदतनीस मात्र डोकं धरून बसली. "आजी, एवढं केलंत तर मदतनीस नाही, रुग्णवाहिका पाठवतील. अहो, मधलं काहीतरी सांगा ना! थोडं जमतं, थोडं नाही जमत!"

पण मधलं आयाबाईंकडे नव्हतंच. वॉर्डात दोनच तऱ्हेची माणसं असायची, बरं आहे म्हणणारी आणि बोलायची शुद्ध नसलेली. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत सात वेळा तालीम झाली. सात वेळा एक तर उत्तम, नाहीतर अर्धांगवायू.

जाताना मदतनिसीने केरसुणी, फरशीचं फडकं आणि बादली उचलून मास्तरांच्या मशीनखाली ठेवली. "वीस तारखेपर्यंत ही जप्त. खोली आहे तशी दिसू दे त्या मॅडमना. मास्तर, डोळ्यांत तेल घालून बघा."

मास्तरांनी बघितलंही. पण मास्तर सकाळी आठला यायचे आणि आयाबाई पाचला उठायच्या. वीस तारखेला पहाटे त्यांनी उशीचा जुना अभ्रा काढला, पाण्यात बुडवला आणि जमिनीवर बसून सरकत सरकत अख्खी खोली पुसून काढली. त्यांना स्वतःला थांबवायचं होतं, खरंच थांबवायचं होतं. पण परक्या माणसाने येऊन आपला केर बघायचा, या विचाराने हात थांबेना. साडेनऊला पाच कमी असताना पुसून झालं. खाटेला धरून त्या कशाबशा बुटक्या स्टुलापर्यंत आल्या आणि बसल्या. बसल्या त्या बसल्याच. खालच्या अंगात जणू कुणी वाळू भरली होती.

दारावर टकटक झाली. "उघडंच आहे!" आयाबाई खणखणीत ओरडल्या.

तीच फॉर्मवाली. आता तिची नोकरी दोन महिन्यांची झाली होती आणि टाचा झिजल्या होत्या. एकुलत्या एका खुर्चीवर बसून तिने खोलीभर नजर फिरवली. "आजी, तुमच्या अर्जात लिहिलंय की तुम्हाला स्वतःचं काही करवत नाही. आणि घर तर आधीपेक्षा चकचकीत! कोण करतं हे?"

"मीच," आयाबाई म्हणाल्या आणि जीभ चावली.

बाहेर मशीन बंद पडलं.

फॉर्मवालीने प्रश्न सुरू केले. मनात आयाबाईंनी प्रत्येक वेळी 'नाही' घोकला आणि प्रत्येक वेळी तोंडातून 'हो' निघाला. समोर माणूस, त्याच्या हातात कागद, की यांची मान आपोआप ताठ आणि जीभ आपोआप गोड. आंघोळ? हो. जिना? हो. जेवण? हो. दहा प्रश्न पाच मिनिटांत संपले. फॉर्मवालीने बेरीज केली, हळहळत म्हणाली, "छत्तीस. माझा नाइलाज आहे हो आजी," आणि फाईल मिटून उभी राहिली. "येऊ मी?"

"या," आयाबाई म्हणाल्या. स्टुलावरूनच.

फॉर्मवाली दारापर्यंत गेली आणि वळली. गेल्या वेळी ही बाई जिन्यापर्यंत पोचवायला आली होती. "आजी, उठत का नाही?"

"कशाला उठू? तू काय परकी आहेस?"

"बरं. पण सातवा प्रश्न बसल्या जागेवरून उठण्याचा आहे. मी न बघताच चार लिहिले. एकदा उठून दाखवा, मी खूण करते आणि जाते."

"उठेन की. आधी तू पाणी घे."

"पाणी नको."

"चहा?"

"नको. उठा."

"मला या स्टुलावर बसायला फार आवडतं," आयाबाई म्हणाल्या.

फॉर्मवाली परत आली आणि खुर्चीवर बसली. फाईल मांडीवर, हाताची घडी. "मला घाई नाही. पुढचं घर साडेअकराला आहे."

झालं. दोघी समोरासमोर. आयाबाईंनी हवेचा विषय काढला, तो संपला. तिच्या आईची चौकशी केली, आई बरी होती. तिचं लग्न ठरलं का विचारलं, ठरलं नव्हतं आणि ठरवायचंही नव्हतं.  मधूनच आयाबाई मांडीवर हात रोवून किंचित पुढे झुकायच्या, आता उठणारच अशा थाटात, आणि "किती छान ऊन पडलंय नाही?" असं म्हणून पुन्हा मागे व्हायच्या. फॉर्मवाली हाताची घडी सोडत नव्हती. कंटाळलेली दिसत नव्हती, रागावलेली दिसत नव्हती. नुसती थांबली होती.

आणि आयाबाईंना एकदम वॉर्ड आठवला. राऊंडचा नव्हे, राऊंड झाल्यानंतरचा. मोठे डॉक्टर आणि त्यांची वरात पुढच्या वॉर्डात गेली की इकडे खाटाखाटांवरून हळू आवाज यायचे. आयाबाई, जरा इकडे या. आयाबाई, चादर ओली झालीय हो. आयाबाई, रात्रभर डोळा नाही लागला, डॉक्टरांना नाही सांगितलं मी. आत्ता बरं वाटतंय म्हणालेल्या त्याच बायका! एकेचाळीस वर्षं सगळ्यांनी खरं ते डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं होतं आयाबाईंना, कारण आयाबाई थांबायच्या.

"पोरी," आयाबाई म्हणाल्या. आवाज इतका हळू, की बाहेर मास्तरांना मान लांब करावी लागली. "जरा इकडे ये."

फॉर्मवाली उठून जवळ आली.

"मला उठता येत नाही गं. सकाळपासून खोली पुसली बसून बसून, आता पायच नाहीत मला. आणि आंघोळ... तीन आठवडे झाले आंघोळीला. तो उंबरा ओलांडवत नाही. पाठ तर..."  डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "लाज वाटते गं. फार लाज वाटते मला."

फॉर्मवालीने फाईल जमिनीवर ठेवली आणि त्यांचे दोन्ही हात धरून ओढायला लागली.

"अगं थांब, थांब!" रडता रडता आयाबाई कडाडल्या. "हात ओढू नकोस, निखळतील! कंबरेतून वाकलीस तर तुझीच पाठ जाईल. गुडघे वाकव. हां. काखेखालून हात घाल. तुझं पाऊल माझ्या पावलापुढे टेकव. आता तीन म्हटलं की दोघींनी एकदम. एक, दोन..."

तीन म्हणताच आयाबाई उभ्या होत्या. फॉर्मवालीच्या खांद्यावर कपाळ टेकून थोडा वेळ तशाच राहिल्या. आयुष्यात असं कुणी त्यांना उचललं नव्हतं. आजवर उचलायच्या त्याच.

"मघाशी का नाही सांगितलंत?" फॉर्मवालीने विचारलं.

"मघाशी तू मॅडम होतीस," आयाबाई म्हणाल्या.

पहिला फॉर्म फाडून दोघींनी दुसरा भरला. या वेळी खाटेवर शेजारी शेजारी बसून, हळू आवाजात. जिना? दोनदा थांबून, कुणाचा हात धरून. जेवण? भांडं उचलवत नाही. आंघोळ? नाही. प्रत्येक 'नाही' दात उपटावा तसा यायचा, पण यायचा. बेरीज झाली एकोणीस. बाहेर मशीन असं धडधडत सुटलं, की मास्तरांनी कुणाच्या तरी बाहीवर तीनदा शिवण मारली.

रविवारी भाची गाडी घेऊन आली, नवा कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला. "तू? तू नाही म्हणालीस?" मग तिने मावशीला घट्ट मिठी मारली आणि संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत गेली.

सोमवारी नऊला मदतनीस आली. केंद्राने तिला जुनं घर परत दिलं होतं. तिने बाईंना हात धरून उंबरा ओलांडून दिला, बसवलं, बादली जवळ ओढली आणि नेहमीसारखा पहिला तांब्या पाठीवर ओतला.

"गार आहे," आयाबाई म्हणाल्या.

मदतनिसीच्या हातातला तांब्या थांबला. "काय म्हणालात?"

"पाणी गार आहे. मला कढत लागतं."

"आजी, वर्षभर मी अशाच पाण्याने घालतेय! कधी बोलला नाहीत ते?"

"वर्षभर गारच होतं," आयाबाई म्हणाल्या. "जा, तापवून आण. मी बसते."